गाडी खाली बसवावी की नीट बसवावी?

२०२४ च्या दिवाळीत बोनस झाला आणि त्यातले ४० हजार रुपये गाडीसाठी बाजूला काढायचे, असे आमच्या घरी ठरले. ठरल्याबरोबर घरात तीन पक्ष पडले. पुतण्याचे म्हणणे, गाडी चार सेंटिमीटर खाली बसवा, सोळा इंची अलॉय टाका, मग बघा कशी दिसते. आईचे म्हणणे, दिसणे राहू द्या, आधी माझा मणका वाचवा. आणि मुलांची आई म्हणाली, "एवढे पैसे लोखंडात घालायच्या आधी, नक्की काय बिघडलंय ते तरी कुणी सांगेल का?"

वाचकहो, तिघांतला शहाणा प्रश्न तिसरा होता. पण हे कळायला आम्हाला दीड महिना लागला. त्या दीड महिन्यात काय पाहिले, काय शिकलो आणि पैसे कुठे गेले, तेवढे इथे सांगतो. आपल्या वस्त्यांतून आता जुन्या गाड्या बऱ्याच झाल्या आहेत. पोरे हौशी आहेत आणि हौस पुरी करणारी दुकाने नाक्यानाक्यावर आहेत.

आमची गाडी म्हणजे २००८ सालची मारुती स्विफ्ट, पेट्रोल, तेराशे सीसी. ही गाडी भारतात २००५ साली आली तेव्हा तरुण पोरे तिच्यावर अक्षरशः भाळली होती. वजन हजार किलोच्या आसपास, ताकद ८७ अश्वशक्ती, आणि वळणावर अंग चोरत नाही अशी ख्याती. हिच्याच जातीची रॅलीची स्विफ्ट चालवून स्वीडनच्या पेर-गुन्नार आंदेरसनने २००७ साली ज्युनियर जागतिक रॅली स्पर्धा जिंकली होती. परदेशात हिचेच १.६ लिटरचे 'स्पोर्ट' मॉडेल मिळायचे, आपल्याकडे ते कधी आले नाही. आम्ही ती २०१५ साली दुसऱ्या हाताने घेतली, २०१७ साली सीएनजी बसवून आरसीवर नोंद केली, आणि २०२३ साली पंधरा वर्षे भरल्यावर फिटनेस करून आणखी पाच वर्षांची नोंदणी वाढवली. म्हणजे २०२८ पर्यंत तिने आम्हाला ओढायचे आहे. रोज बदलापूरहून नेवाळी, खोणीमार्गे तळोजा एमआयडीसी. आमच्याबरोबर शिफ्टचे आणखी तिघे असतात, गॅसचा खर्च चौघांत. म्हणजे गाडी उभी राहिली तर चार घरांची हजेरी चुकते.

आता मूळ प्रसंग. २०२४ च्या जुलैमध्ये, पहिल्या शिफ्टला जाताना, नेवाळीच्या अलीकडे रस्त्यावर बारीक बारीक लाटा पडल्या होत्या, पत्र्याच्या छपरासारख्या. पुढे शाळेचा एक पोरगा सायकलवरून मध्ये आला. आम्ही ब्रेक मारला. वेग पन्नासही नसेल. पण गाडी थांबेना. पुढची चाके रस्त्यावर टिकेनात, नुसती टणाटण उड्या मारत होती, आणि गाडी घसरत नव्हती तरी पुढेच चालली होती. पोराच्या मागच्या चाकापासून एका हातावर थांबली. पोरगा हसून निघून गेला. आम्ही मात्र गाडी बाजूला घेऊन दहा मिनिटे बसलो होतो. ब्रेक तपासले, पॅड नवे होते, ऑइल ठीक होते. "ब्रेकला काही झालेलं नाही," असे पहिल्या गॅरेजवाल्याने सांगितले आणि तिथेच विषय संपला. तो विषय ब्रेकचा नव्हताच.

सस्पेन्शन म्हटले की आपण सगळे स्प्रिंगकडे बघतो, कारण ती दिसते. स्प्रिंगचे काम गाडीचे ओझे पेलणे आणि गचका गिळणे. पण गिळलेला गचका ती परत ओकते. नुसत्या स्प्रिंगवर गाडी ठेवली तर एका खड्ड्यानंतर ती पाळण्यासारखी हलत राहील. ते हलणे थांबवतो तो शॉकअप. त्याच्या नळीत तेल असते, पिस्टनला बारीक भोके असतात, तेल त्या भोकांतून जबरदस्तीने जाते आणि हालचालीची उष्णता होऊन हवेत निघून जाते. खराब रस्त्यावरून आल्यावर शॉकअपला हात लावा, तो गरम लागेल. शॉकअप मेला की टायर जमिनीवर चेपून राहत नाही, आणि जो टायर जमिनीवर नाही त्याला ब्रेक मारून काय उपयोग? नेवाळीला आमचे तेच झाले होते.

शॉकअप एका दिवशी मरत नाही, ही त्यातली खरी गोची. तो रोज थोडा थोडा मरतो आणि चालवणाऱ्याला त्याची सवय होत जाते. आठ वर्षे एकच गाडी चालवणारा माणूस शपथेवर सांगेल की गाडी मस्त आहे. आम्हीही सांगत होतो.

पुतण्या आयटीआयला मोटार मेकॅनिकचे शिकतो. दिवाळीनंतर एका रविवारी त्याच्या ओळखीच्या एका जुन्या मिस्त्रींकडे गाडी नेली आणि जॅकवर चढवली. मिस्त्री साठीचे, बोलणे कमी. त्यांनी आधी कोपरे दाबून पाहिले. बोनेटचा कोपरा जोरात खाली दाबून सोडला की गाडी एकदा वर येऊन थांबली पाहिजे, दोन-तीनदा डोलली तर शॉकअप गेला, ही परीक्षा सगळ्यांना माहीत आहे. मिस्त्री म्हणाले, "यात नापास झाला तर गेलाच समजा. पण पास झाला म्हणून चांगला असं नाही. जुन्या गाडीचे रबर आणि माउंटिंग जाम होऊन पण ती थांबते." मग त्यांनी टायरवरून तळहात फिरवला आणि आमचा हात धरून तिथेच फिरवायला लावला. टायरच्या कडेला उंच-सखल, उंच-सखल असे कप्पे पडले होते. टायर उड्या मारत चालल्याची ती निशाणी. दोन महिने आम्ही त्या आवाजाला बेअरिंगचा आवाज समजत होतो.

पुढे एकेक निघत गेले. पुढच्या डाव्या शॉकअपमधून तेल पाझरून त्यावर मातीचा थर बसला होता. मागचे दोन्ही शॉकअप हाताने दाबले तर सायकलच्या पंपासारखे बसले आणि वर यायचे विसरले. दोन्ही लोअर आर्मचे बुश फाटलेले, एक बॉल जॉइंट ढिला, लिंक रॉड खडखडत होते. स्ट्रटच्या वरच्या माउंटिंगचे रबर पापडासारखे तडकले होते. मागच्या स्प्रिंगा दबलेल्या, आणि त्यांच्या वेढ्यांत कोणी तरी रबराचे जाड बफर कोंबून ठेवलेले. ते कोणी तरी म्हणजे आम्हीच. सीएनजीची साठ लिटरची लोखंडी टाकी रिकामीच साठ किलोच्या आसपास भरते. ती डिकीत आली की गाडीत एक माणूस कायमचा मागे बसला असे समजा. मागचा भाग खाली जाऊ लागला म्हणून २०१९ मध्ये हे बफर टाकले होते. मिस्त्रींनी ते काढून बाजूला ठेवले. "स्प्रिंगचे जे वेढे हलायला पाहिजेत तेच यानं बांधून ठेवलेत. सगळा ताण उरलेल्या वेढ्यांवर. तिथंच एक दिवस तुटते." हे बफर आजही धडाक्याने विकले जातात. आम्ही परत घालणार नाही.

जॅकखाली उभे राहून पुतण्याने विचारले, "मग काका, नाही तरी सगळं खोलायचंच आहे, तर लोअरिंग स्प्रिंगच टाकू ना?" प्रश्न वाजवी होता, आणि त्याला नुसते 'गप बस' म्हणणे बरोबर नव्हते. घरी आल्यावर वही काढून आम्ही दोघे बसलो. वाचकांतल्या हौशी पोरांनी हे गणित जरूर करून पाहावे.

समजा गाडी उभी असताना चाकाला वर जायला आठ सेंटिमीटर जागा आहे, त्यानंतर रबरी बंप स्टॉप लागतो. गाडी चार सेंटिमीटर खाली घेतली तर जागा उरली चार, म्हणजे निम्मी. खड्डा तर तेवढाच आहे. तोच गचका निम्म्या जागेत गिळायचा असेल तर स्प्रिंग किती कडक हवी? दुप्पट नव्हे. स्प्रिंग जितकी दबते त्याच्या वर्गाच्या हिशेबाने ती गचका साठवते, म्हणून चौपट कडक हवी. पुतण्याने ज्या स्प्रिंगा पाहून ठेवल्या होत्या, त्या दुकानदाराच्याच म्हणण्याप्रमाणे २५ टक्के कडक होत्या. म्हणजे बाकीचा गचका बंप स्टॉप खाणार, तो मोडला की बॉडी खाणार. आणि खरोखर चौपट कडक स्प्रिंग टाकली तर? गाडीच्या डोलण्याचा वेग कडकीच्या वर्गमुळाने वाढतो, म्हणजे दुप्पट होतो. साध्या गाड्या सेकंदाला एक ते दीड वेळा डोलतील अशा बांधलेल्या असतात. दुप्पट म्हणजे शर्यतीच्या गाडीचा हिशेब. मागच्या सीटवर आई. पुतण्याने वही मिटली, पण त्याचा चेहरा काही पटलेला नव्हता.

दुसरी गोष्ट त्याला मिस्त्रींनी दाखवली, आणि ती त्याला जास्त लागली. आमच्या गाडीची पुढची रचना मॅकफर्सन स्ट्रटची. अर्ल मॅकफर्सन नावाच्या अमेरिकन इंजिनियरने ती काढली आणि १९५० च्या सुमारास इंग्लंडच्या फोर्ड कन्सल व झेफिर गाड्यांत ती आली. शॉकअप, स्प्रिंग आणि चाकाचा खांब सगळे एकात, खाली एक लोअर आर्म. स्वस्त, सुटसुटीत, जागा वाचवणारी. म्हणून जगातल्या बहुतेक लहान गाड्यांनी ती घेतली. पण तिचे एक दुखणे आहे. गाडी खाली घेत गेले की लोअर आर्म आडवा होतो आणि पुढे चाकाकडची बाजू वर चढते. गाडी ज्या काल्पनिक मध्याभोवती वळणावर कलते, तो मध्य मग गाडीच्या वजनापेक्षा जास्त वेगाने खाली जातो. दोघांतले अंतर वाढले की कलण्याचा जोर उलट वाढतो. शिवाय कलताना बाहेरचे चाक जसे आत झुकायला हवे तसे झुकत नाही, टायरची बाहेरची कडच घासत जाते. म्हणजे वळणावर गाडी चांगली धरावी म्हणून खाली घेतली आणि ती धरायची कमीच झाली. एक-दोन सेंटिमीटरला हे फारसे जाणवत नाही, चारला जाणवते. रॅलीवाले ते दुरुस्त करण्याचे वेगळे सुटे भाग घालतात. रोजच्या गाडीला तो खर्च कोण करणार?

तिसरी गोष्ट स्पीडब्रेकरची. आपल्या देशाच्या रस्ते मानकात गोल गतिरोधक कसा असावा हे लिहिलेले आहे : १० सेंटिमीटर उंच, ३.७ मीटर रुंद, १७ मीटर त्रिज्येच्या गोलाचा तुकडा. स्विफ्टच्या पुढच्या-मागच्या चाकांत साधारण २ मीटर ३९ सेंटिमीटर अंतर. दोन्ही चाके अशा गतिरोधकावर असताना मधला उंचवटा गाडीच्या पोटाकडे जेमतेम चार सेंटिमीटर येतो. खाली घेतलेली गाडीसुद्धा त्यावरून जाईल. पण असे गतिरोधक आपल्या गल्लीत कोणी पाहिलेत? आपल्याकडे रात्री दोन पाट्या डांबर टाकून वीतभर उंच आणि हातभर रुंद बांध घालतात. तो पोटाखाली पूर्ण उंचीने येतो. कंपनीच्या कागदावर जमिनीपासूनचे अंतर १७ सेंटिमीटर, गाडी रिकामी असताना. चौघे आणि गॅसची टाकी घेतल्यावर त्यातले तीन-चार गेलेच. त्यातून आणखी चार काढले, तर खालची पाइप आणि ऑइलचा चेंबर रस्त्याच्या ताब्यात.

स्प्रिंग कापून खाली घेणे तर विचारूच नका, पण विचारतात म्हणून सांगतो. वेढे कमी झाले की स्प्रिंग कडक होते, सहातला एक कापला तर वीस टक्के. पण कापलेले टोक आपल्या बैठकीत नीट बसत नाही, आणि चाक हवेत लोंबले की स्प्रिंग मोकळी होऊन जागची सरकते. गॅसने तापवून बसवणारे महाभाग त्याहून वाईट. तापवले की पोलादाचे पाणी उतरते, मग ती स्प्रिंग राहतच नाही.

उंची कमी-जास्त करता येणारे कॉइलओव्हर आम्ही हातात घेऊन पाहिले. वस्तू सुंदर असते. ज्याची गाडी रविवारी बाहेर निघते आणि ज्याला ट्रॅकवर जायचे आहे, त्याने जरूर घ्यावे. पण नळीवरचे आटे आपल्या पावसात चिखल आणि गंज खाऊन एका हंगामात अडकतात, आणि स्वस्तातल्या संचाचे सील गेले की दुरुस्त करणारा सापडत नाही. जर्मनीची बिल्स्टीन, नेदरलँड्सची कोनी ही नावे ऐकून होतो. काम उत्तम असते यात शंका नाही, पण आमच्या ४० हजारांत ती बसत नव्हती.

आता कायद्याचे. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ सांगते की कारखान्याने दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलात मालकाला मनमानी फेरफार करता येत नाही. केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच उचलून धरले. झिजलेल्या जागी तसाच शॉकअप घालणे ही दुरुस्ती झाली, त्याला कोणी अडवत नाही. पण गाडीची उंची आणि चाके बदलून उद्या अपघात झाला, तर विमा कंपनी पहिला बोट त्यावर ठेवील. ज्याच्या घरात एकच कमावता आहे त्याने हे आधी ध्यानात घ्यावे. शिवाय आम्हाला २०२८ ला पुन्हा फिटनेसला जायचे आहे.

मग आम्ही काय केले? ठरवले ते असे : उंची कंपनीची, स्प्रिंग कंपनीच्या मापाची, पण झिजलेले सगळे एकदम नवे, शॉकअप गॅसचे, आणि त्यातून उरेल ते सगळे टायरला.

गॅसच्या शॉकअपबद्दल थोडे. साध्या तेलाच्या शॉकअपमध्ये खराब रस्त्यावर सतत हालचाल झाली की तेलाला फेस येतो, आणि फेसाला पिस्टन अडत नाही. नायट्रोजनच्या दाबाखाली तेल ठेवले की फेस कमी धरतो. यात दोन जाती. दोन नळ्यांचा आणि कमी दाबाचा, हा आपल्या बाजारात सहज मिळतो. एका नळीचा आणि जास्त दाबाचा, तो उष्णता लवकर सोडतो पण महाग, आणि नळीला बाहेरून दगडाचा पोचा बसला तर कामातून जातो. आम्ही पहिला घेतला. दुकानदार "जास्त कडक" असा एक देत होता. तो नको म्हटले. कडक म्हणजे चांगला हा आपल्याकडचा मोठा गैरसमज आहे. स्प्रिंगच्या मानाने शॉकअप फार कडक झाला तर तो एका खड्ड्यातून परत यायच्या आत दुसरा खड्डा येतो, गाडी दबत दबत खालीच राहते, आणि लाटांच्या रस्त्यावर चाक पुन्हा हवेत. नेवाळीची गोष्ट उलट्या बाजूने.

शॉकअप बनवणारे हात बहुतेक आपलेच आहेत. चाकणला गॅब्रिएलचा कारखाना आहे, वाळूजला एन्ड्युरन्सचा. आपल्या किती घरांतली पोरे तिथे लाइनवर उभी असतात! म्हणून बिल घेऊन, खोके आणि शिक्का बघून माल घ्या. नकली माल दिसायला तसाच असतो. कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून दरवाजा आणा, आरसा आणा, पण शॉकअप, लोअर आर्म, बॉल जॉइंट जुने आणू नका. दुसऱ्याच्या गाडीत त्याचे किती आयुष्य गेले हे कोण सांगणार? आणि नेहमी जोडीने बदला. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला मेलेला शॉकअप घेऊन ब्रेक मारला तर गाडी एका अंगाला ओढते.

काम पूर्ण एक दिवस चालले. दोन गोष्टी आम्ही मिस्त्रींकडून शिकलो, त्या मुद्दाम सांगतो. स्ट्रट खोलताना स्प्रिंग दाबून धरण्याचे जे शिकंजे लागतात, ते चांगले असल्याशिवाय त्यांनी पुतण्याला जवळ येऊ दिले नाही. दाबलेली स्प्रिंग सुटली तर जबडा फोडते. दोरी बांधून हे काम करणाऱ्या गॅरेजमधून गाडी परत आणा. दुसरी गोष्ट, लोअर आर्मच्या बुशचे बोल्ट त्यांनी चाके हवेत असताना फक्त अडकवून ठेवले आणि गाडी जमिनीवर उतरवून, तिचे वजन चाकांवर आल्यावर मग आवळले. बुशचे रबर आतल्या नळीला चिकटलेले असते. चाक लोंबत असताना आवळले, तर गाडी खाली येताच ते पिळलेल्या अवस्थेत राहते आणि सहा महिन्यांत फाटते. आमचे आधीचे बुश दीड वर्षात का गेले, ते त्या दिवशी कळले. ज्या गॅरेजने ते बसवले होते त्यांना घाई होती, एवढेच म्हणू.

हिशेब असा झाला. चार शॉकअप, वरची दोन माउंटिंग, बंप स्टॉप आणि धूळ-टोप्या, बुश आणि बॉल जॉइंटसकट दोन लोअर आर्म, दोन लिंक रॉड, मागच्या दोन नव्या स्प्रिंगा, मजुरी आणि अलाइनमेंट मिळून १९ हजार ६०० रुपये. मागे रबराचे बफर नसतानाही नव्या स्प्रिंगांमुळे गाडी बावीस मिलिमीटर वर आली. टाकीचे वजन आहेच, म्हणून डिकीत वर्षानुवर्षे पडलेले सामान काढले. एक जुना जॅक, दोन रंगाचे डबे, लग्नातली सतरंजी. सोळा किलो भरले!

राहिले टायर. जुने ते कप्पे पडलेले होते आणि सहा वर्षांचेही झाले होते. टायरच्या अंगावर चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन साल, ते पाहून घ्यायची सवय ठेवा. दुकानात 'नवे' म्हणून दोन वर्षे पडून राहिलेलेही विकतात. आमच्या गाडीला १६५/८० आर १४ होते. त्याच स्विफ्टच्या वरच्या मॉडेलला कंपनीने १८५/७० आर १४ दिले होते. गणित केले तर दोन्हींच्या व्यासात पाच मिलिमीटरचा फरक, म्हणजे एक टक्काही नाही, त्यामुळे वेगाचा काटा खोटे बोलत नाही. टायर दोन सेंटिमीटर रुंद, पकड जास्त, आणि खड्ड्यात रिम वाचवायला रबराची भिंत जवळपास तेवढीच जाड. हे चार टायर आम्हाला १८ हजार ९०० ला पडले. पुतण्याच्या सोळा इंची हौसेतले एवढे तरी पुरे झाले. गाडी मागून पाहिली की थोडी रुंद दिसते, हे त्यानेच दोनदा सांगितले.

खरे सांगायचे तर हाच क्रम उलटा लावणारी घरे आम्ही पाहिली आहेत. आधी अलॉय, मग स्प्रिंग, मग पैसे संपतात, आणि फाटके बुश तसेच आत. वरून गाडी शर्यतीची आणि आतून खडखडाट.

पुढचा टप्पा काय, हे पुतण्या अजून विचारतो. मागच्या बाजूला कलणे रोखणारा जाड बार बसवू या, असे त्याच्या मनात आहे. त्याने पुढची चाके वळणावर कमी रेटतात हे खरे. पण पावसाळ्यात ओल्या वळणावर घाबरून ॲक्सिलरेटर सोडला की गाडीची शेपूट फिरते, आणि ती सावरायची सवय आमच्या चौघांपैकी कोणाला नाही. बोनेटखाली दोन स्ट्रट जोडणारी दांडी म्हणाल तर बसवा, दिसायला छान आहे.

जानेवारीत आईला घेऊन ठाण्याला डॉक्टरांकडे गेलो. जाताना ती नेहमीसारखी पुढची सीट धरून बसली होती. कल्याण फाट्यानंतर तिने हात सोडला आणि पिशवीतून संत्रे काढून सोलायला घेतले. कोणाला काही म्हणाली नाही. परत येताना मात्र विचारले, "रस्ता नवा केला का रे?"

जुलै २०२५ मध्ये पाऊस लागल्यावर एका रविवारी सकाळी, रस्ता मोकळा असताना, आम्ही आणि पुतण्या नेवाळीच्या त्याच पट्ट्यावर गेलो. लाटा होत्या तशाच. त्याला रस्त्याकडेला उभे केले, पन्नासच्या आत वेग ठेवून ब्रेक मारला. चाके फडफडली, पण जमीन सोडली नाही, आणि गाडी आमच्या अंदाजापेक्षा अलीकडेच थांबली. मग तो बसला आणि आम्ही उभे राहिलो. त्याने तीनदा करून पाहिले. चौथ्यांदा आम्ही हात आडवा केला, गॅस चौघांचा आहे म्हटले.

घरी आल्यावर त्याने बोनेट उघडून आतल्या बाजूला पांढऱ्या मार्करने किलोमीटरचा आकडा आणि तारीख लिहिली, शॉकअप कधी घातले ते, आणि खाली पुढच्या तपासणीचा आकडा. मग मोजपट्टी काढून चाकाच्या वरची फट पुन्हा मोजली. चौदाशे-पंधराशे रुपये उरले होते, ते मुलांच्या आईने आधीच परत डब्यात टाकले होते.